वाघाची संख्या आणि वाघाची वाट

वाशिम जिल्हा हा वाघांचा जिल्हा म्हणून ओळखला जात नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा प्रदेश सोयाबीन, तूर आणि कपाशी यांचा आहे. येथील जंगल तुटक असून ते डोंगरउतारांवर व नाल्यांच्या काठी उरले आहे. कारंजा-सोहोळ येथील अभयारण्य मुख्यतः काळविटांसाठी राखलेले असून त्याचे क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर आहे. अकोला जिल्ह्याच्या सीमेवरील काटेपूर्णा अभयारण्यही ७४ चौरस किलोमीटरच्या आतच आहे. असे असताना २०१९ साली एक तरुण नर वाघ या जिल्ह्यातून मार्गस्थ झाला आणि त्याच्या वाटचालीची नोंद उपग्रहाच्या साहाय्याने होत राहिली. त्या नोंदीमुळे एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. ज्या भूमीवर वाघ राहत नाही, ती भूमी वाघांच्या अस्तित्वाशी कितपत निगडित असते?

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी प्रथम ‘संख्या’ म्हणजे काय हे पाहणे आवश्यक आहे.

संख्येचे चार घटक

कोणत्याही वन्य प्राण्याच्या समूहाची संख्या चार गोष्टींनी ठरते : जन्म, मृत्यू, बाहेरून येणारे प्राणी आणि बाहेर जाणारे प्राणी. जन्म व मृत्यू यांकडे लोकांचे लक्ष सहज जाते. पिले दिसली की आनंद होतो आणि एखादा वाघ मेला की बातमी होते. उरलेले दोन घटक मात्र बहुधा दृष्टीआड राहतात. जाणारा प्राणी रात्री जातो आणि त्याची जाण्याची वाट शेतांतून व ओढ्यांतून असते. तो पोहोचला तर कोठे पोहोचला, आणि न पोहोचला तर वाटेत त्याचे काय झाले, हे कळण्याचे साधन पूर्वी जवळजवळ नव्हतेच.

भारतात वाघांची मोजणी दीर्घकाळ पायांच्या ठशांवरून होत असे. १९६६ साली ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांनी ही पद्धती प्रचारात आणली. पुढे तिच्या विश्वासार्हतेविषयी शंका निर्माण झाल्या. राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघड झाल्यानंतर तिची जागा स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतली. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते. ती माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे व्यक्तिनिदर्शक असल्यामुळे छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. शिवाय, ओळखलेले वाघ पुन्हा किती वेळा टिपले जातात यावरून न टिपल्या गेलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो. या पद्धतीने केलेल्या अखिल भारतीय गणनेत २०१८ साली देशात २९६७ व २०२२ साली ३६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. महाराष्ट्राचे त्या दोन वर्षांचे आकडे अनुक्रमे ३१२ व ४४४ असे आहेत.

परंतु या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. गेल्या वर्षी टिपला गेलेला वाघ या वर्षी टिपला गेला नाही, तर तो मेला की निघून गेला, हे कॅमेरा सांगू शकत नाही. दोन्ही प्रसंगी छायाचित्रांच्या संग्रहातील एक पान कोरे राहते, एवढेच. मृत्यू आणि प्रस्थान यांचा असा गोंधळ झाला की समूहाच्या स्थितीविषयीचे अनुमानही चुकते. ज्या अभयारण्यातून दरवर्षी तरुण वाघ निरोगी अवस्थेत बाहेर पडतात, ते अभयारण्य केवळ आकड्यांवरून पाहणाऱ्यास वाघ गमावणारे वाटू शकते. वस्तुतः ते सभोवतालच्या मुलखाला वाघ पुरवीत असते.

घर सोडणारे कोण?

मांसाहारी सस्तन प्राण्यांत वयात येणाऱ्या संततीने जन्मक्षेत्र सोडून जाणे हा सर्वसाधारण नियम आहे. यास जन्मक्षेत्रत्याग म्हणता येईल. ऋतुमानानुसार होणाऱ्या स्थलांतराहून तो वेगळा आहे. स्थलांतर करणारा पक्षी परत येतो. जन्मक्षेत्राचा त्याग करणारा प्राणी मात्र स्वतःचे क्षेत्र मिळवण्यासाठी निघालेला असतो आणि बहुधा परतत नाही. या त्यागात नर व मादी यांचा वाटा सारखा नसतो. सस्तन प्राण्यांत बहुतांशी पुत्र दूर जातात व कन्या आईच्या आसपास राहतात.

हा नियम किती खोलवर रुजलेला आहे हे ऑस्ट्रेलियातील मांसाहारी शिशुधान प्राण्यांवरून, म्हणजे अपुऱ्या वाढीची पिले जन्मल्यानंतर अंगावरच्या पिशवीत वा कातडीच्या घडीत वाढवणाऱ्या प्राण्यांवरून, स्पष्ट होते. अँटेकायनस हा त्यांतील उंदराएवढा प्राणी कीटक व लहान जीव खाऊन राहतो. त्याचे सर्व नर विणीच्या एकाच अल्पशा हंगामानंतर मरून जातात. म्हणजे पुढच्या पिढीच्या नरांना हुसकावून लावण्यास पिता जिवंतच नसतो. तरीही आईचे दूध सुटल्यावर तरुण नर आईचे घरटे सोडून दूर जातात आणि माद्या मात्र तेथेच राहतात. यावरून असे अनुमान निघते की, घर सोडण्यामागे बलिष्ठ नराची भीती हेच एकमेव कारण नसते. निकटच्या नात्यातील समागम टळावा, ही निसर्गाची योजनाही त्यामागे असते. शिशुधान प्राणी व वाघ यांचे पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एकमेकांपासून अलग झाले. तरीही दोहोंत हा नियम दिसावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

वाघाच्या बाबतीत वरील दोन्ही कारणे एकत्र येतात. वाघिणीची पिले साधारणपणे दीड ते दोन वर्षे तिच्या आश्रयाने राहतात. त्यानंतर आईचे क्षेत्र ज्या नराच्या ताब्यात असते त्यास तरुण नराचे वास्तव्य सहन होत नाही. नेपाळमधील चितवन येथे रेडिओ-पट्ट्यांच्या साहाय्याने झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार जन्मक्षेत्र सोडणारे नर सरासरी ३३ किलोमीटर दूर जाऊन स्थिरावले, तर माद्यांच्या बाबतीत हे अंतर सरासरी १० किलोमीटरपेक्षाही कमी भरले. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील विवेचनाचा सारा भार त्यावरच आहे.

टिपेश्वर ते ज्ञानगंगा

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १४९ चौरस किलोमीटर आहे. संरक्षण मिळाल्यावर तेथे वाघांची वीण चांगली झाली आणि इतक्या लहान जंगलात नव्या नरांना जागा मिळणे दुरापास्त झाले. तेथील एका वाघिणीच्या तीन बच्च्यांपैकी एका नरास २०१९ च्या प्रारंभी, भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्र वनविभाग यांच्या अभ्यासप्रकल्पांतर्गत, गळपट्टा बांधण्यात आला. शासकीय नोंदीत त्याचे नाव टी-१ सी-१ असे आहे. पुढे ‘वॉकर’ या नावाने तो सर्वत्र प्रसिद्ध झाला. पट्ट्यातील यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने ठरावीक वेळाने वाघाचे स्थान नोंदवीत असे. अशी पाच हजारांहून अधिक स्थाने मिळाली.

जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरमधून बाहेर पडला. यवतमाळ, तेलंगणातील आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला अशा मुलखांतून हिंडत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथूनही तो अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे जाऊन परत आला आणि मार्च २०२० च्या सुमारास ज्ञानगंगेत स्थिरावला. एप्रिल २०२० मध्ये त्याच्या गळ्यातील पट्टा निघाला. या अवधीत त्याने सुमारे तीन हजार किलोमीटर वाटचाल केली. आरंभ व अखेर यांमधील सरळ रेषेतील अंतर मात्र सुमारे ३१५ किलोमीटरच आहे.

या दोन आकड्यांचे गुणोत्तर बोलके आहे. सरळ अंतराच्या जवळजवळ दहापट चाल झाली, याचा अर्थ वाघ ज्ञानगंगेकडे ‘निघाला’ नव्हता. त्याला ज्ञानगंगा ठाऊक नव्हती. तो पुढे जाई, वळे, मागे येई, एखाद्या झाडोऱ्यात काही दिवस थांबे आणि पुन्हा निघे. नकाशावर दोन अभयारण्ये एका रेषेने जोडून तीस वाघाचा मार्ग म्हणणे यामुळेच भ्रामक ठरते. वाघाला रस्ता नको असतो. त्याला हवा असतो असा विस्तृत मुलूख, की ज्यातून रात्री चालता येईल आणि दिवसा लपता येईल. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. यंत्र केवळ ठरावीक क्षणांचे स्थान नोंदवते. दोन नोंदींमधील वळणे त्यात येत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष चाल तीन हजार किलोमीटरहून काहीशी अधिकच असली पाहिजे.

वाशिमची भूमी

वाशिम जिल्ह्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांना विभागणारा जलविभाजक या जिल्ह्यातून जातो. काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत जाऊन पूर्णेच्या द्वारे तापीला मिळते. अडाण, अरुणावती व पूस या नद्या दक्षिणेकडे व पूर्वेकडे उतरून पैनगंगेच्या खोऱ्यात जातात. स्वतः पैनगंगा बुलढाण्याच्या बाजूस अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि वाशिम व हिंगोली या जिल्ह्यांतून पुढे यवतमाळ-नांदेडच्या सीमेवरील आपल्याच नावाच्या अभयारण्याकडे जाते. म्हणजे टिपेश्वर ज्या खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगास ज्ञानगंगेचे डोंगर जवळ येतात, आणि मधला पट्टा हिंगोली व वाशिम यांचा आहे. नद्या-नाल्यांच्या काठी बाभूळ, बोर व पळस यांची झुडपे असतात. पाण्याने चिरलेल्या घळींतून नांगर चालत नाही, म्हणून तेथे आडोसा टिकून राहतो. गावोगावच्या ई-क्लास जमिनी, म्हणजे सरकारी गायरानेही, जेथे शिल्लक आहेत तेथे हेच कार्य करतात.

शेतीही सर्वस्वी प्रतिकूल नसते. खरिपातील सोयाबीन निघून गेल्यावरही तूर आणि कपाशी हिवाळ्यात उभी असतात. पुरुषभर उंचीच्या तुरीत मोठे जनावरही दिसत नाही. त्या पिकांवर रोही व रानडुकरे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचा भक्षकही येऊ शकतो. ज्या जनावरांमुळे वऱ्हाडातील शेतकरी रात्र-रात्र जागलीवर काढतो, तीच जनावरे वाटसरू वाघाचे अन्न असतात.

येथेच या विषयाची कठीण बाजू सुरू होते. शेतकरी रात्री पिकाच्या राखणीस किंवा पाणी देण्यास शेतात असतो आणि वाघाची चालण्याची वेळही तीच असते. वॉकरच्या प्रवासात दिवसा विसावा आणि रात्री चाल हा क्रम प्रकर्षाने दिसून आला. एवढ्या दीर्घ प्रवासात माणसांशी त्याचा संघर्ष जवळजवळ झाला नाही. एका प्रसंगी, तो झुडपात विसावलेला असताना माणसे जवळ गेल्याने एक जण जखमी झाला. वाघाने माणसास टाळले, हे यातून सिद्ध होते. परंतु टाळण्यासाठी जागा असावी लागते. नाल्याकाठची झुडपे तोडली गेली, गायराने नांगराखाली आली, तर वाघ आणि शेतकरी या दोघांनाही एकमेकांना टाळण्याची सोय उरणार नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडण्याची प्रथा तर दोघांच्याही जिवावर उठणारी आहे. विदर्भात तिच्यामुळे वाघही मेले आहेत आणि माणसेही.

दुसरा अडसर वेगवान वाहतुकीचा आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. वॉकर हिंगोलीकडून ज्ञानगंगेकडे गेला तेव्हा त्या मार्गावर वाहतूक नव्हती. आज तसाच प्रवास करणाऱ्या वाघास हा मार्ग ओलांडावा लागेल. वन्य प्राण्यांसाठी त्याखालून भुयारी वाटा व त्यावरून पूल बांधण्यात आले आहेत. त्यांचा उपयोग त्यांच्या दोन्ही तोंडांशी काय आहे यावर अवलंबून राहील. भुयाराच्या मुखाशी झाडोरा असला तर वाट खुली राहते, कुंपण व दिवे आले तर तीच वाट बंद होते.

पोहोचणे आणि वसणे

वॉकरच्या प्रवासाची कथा येथे संपली असती तर ती यशाची कथा ठरली असती. पण पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. तेथे भक्ष्य होते, पाणी होते आणि स्पर्धा करणारा दुसरा नर नव्हता. परंतु वाघीणही नव्हती. २०२० साली तेथे एखादी वाघीण आणून सोडावी की काय, यावर वनविभागात व तज्ज्ञांत विचारविनिमय झाला. एका बाजूस एकाकी नराचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूस, शेतीने वेढलेल्या लहान अभयारण्यात पिले झाली तर ती वाढल्यावर कोठे जातील, हा प्रश्न होता. वाघीण आणण्यात आली नाही. मार्च २०२१ मध्ये वॉकरचे छायाचित्र छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवरील गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात टिपले गेले. त्या जंगलात अनेक दशकांनंतर वाघ दिसला होता. त्याची ओळख पट्ट्यांवरून पटली.

चितवनच्या अभ्यासातील नर-मादींचा फरक येथे पुन्हा आठवावा. नर तीनशे किलोमीटर जाऊ शकतो. वाघीण सहसा तेवढे जात नाही, ती आईच्या शेजारी किंवा फार तर लगतच्या जंगलात स्थिरावते. त्यामुळे नराचा दूरचा प्रवास हा वाट खुली असल्याचा पुरावा आहे, पण दोन समूह जोडले गेल्याचा पुरावा नव्हे. दूर गेलेला नर जेथे वाघिणी आहेत तेथे पोहोचला तर त्याच्याबरोबर नवे आनुवंशिक गुण पोहोचतात. जेथे वाघिणी नाहीत तेथे पोहोचला तर त्याचे आयुष्य पुढच्या शोधात संपते. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग अभयारण्यात आढळलेला नर वाघही पट्ट्यांवरून टिपेश्वरचाच असल्याचे दिसून आले. म्हणजे वॉकर हा अपवाद नव्हता. टिपेश्वर आपले पुत्र दाही दिशांना पाठवीत आहे आणि ते वाघिणींविना असलेल्या जंगलांत जाऊन पोहोचत आहेत.

वाटा तुटल्या तर काय होते याचे उदाहरण ओडिशातील सिमलीपाल येथे मिळते. इतर वाघसमूहांपासून अलग पडलेल्या त्या जंगलात रुंद, एकमेकांत मिसळलेल्या काळ्या पट्ट्यांचे वाघ मोठ्या प्रमाणात आढळतात. एका विशिष्ट जनुकातील बदलामुळे हे घडते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. आई व वडील या दोघांकडूनही तो बदल आला तरच असे पट्टे उमटतात. रंगाचा हा बदल अपायकारक असेलच असे नाही. पण जो बदल अन्यत्र विरळा असतो तो एका जागी इतका वाढावा, हे तेथील समूह लहान व बंदिस्त असल्याचे चिन्ह आहे. याउलट, कान्हा, पेंच, नागझिरा, ताडोबा या मध्य भारतातील जंगलांतील वाघांच्या विष्ठेतून मिळालेल्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडो किलोमीटर अंतरावरील समूहांतही नात्याची चिन्हे आढळली. ही नाती शेतांतून, ओढ्यांतून आणि वाघ नसलेल्या जिल्ह्यांतूनच जुळलेली आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, अभयारण्याची सीमा ही वाघसमूहाची सीमा नव्हे. टिपेश्वरमधील वाघांचे भवितव्य टिपेश्वरच्या १४९ चौरस किलोमीटरांत ठरत नाही. तेथून बाहेर पडणाऱ्यांना वाटेत आडोसा, पाणी व भक्ष्य मिळते की नाही आणि वाटेच्या अखेरीस जोडीदार मिळतो की नाही, यावर ते ठरते. दुसरी गोष्ट अशी की, वाट राखण्याचे माप नराच्या पल्ल्याने धरणे पुरेसे नाही. ते वाघिणीच्या पल्ल्याने धरले पाहिजे. नराला तीनशे किलोमीटरवर एक मुक्काम पुरतो. वाघिणींच्या वस्तीला मात्र थोड्याथोड्या अंतरावर पायऱ्या लागतात, आणि एका पायरीवरील लेक पुढच्या पायरीवर, तिची लेक त्याही पुढच्या पायरीवर, असे पिढ्यान्‌पिढ्या सरकत जाऊनच दूरचे जंगल खऱ्या अर्थाने वसते.

काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ, पैनगंगेकाठची झुडपे आणि अडाण-अरुणावतीच्या घळी या अशा संभाव्य पायऱ्या आहेत. त्यांपैकी एकीतही वाघांचा मोठा समूह मावणार नाही आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. परंतु वाघांच्या गणनेत वाशिम जिल्ह्याच्या नावापुढे शून्य लिहिले गेले, तरी त्या शून्यास अर्थ आहे. यवतमाळच्या आणि बुलढाण्याच्या जंगलांमधील अंतर या शून्यातूनच ओलांडले जाते. ते ओलांडता येण्याजोगे राहील की नाही, हे नाल्याकाठच्या बाभळी, गावची गायराने, महामार्गाखालील वाटा आणि शेतकऱ्याची रात्रीची सुरक्षितता यांवर अवलंबून आहे.